शांतिसेनेचे शिल्पकार : डाग हॅमरशोल्ड

सैनिक म्हटला म्हणजे शत्रूवर तुटून पडणारा वीर आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु ज्याला कोणीही शत्रू नाही, स्वसंरक्षणाचा प्रसंग आल्यावाचून ज्याने बंदूक चालवावयाची नाही आणि दोन वैऱ्यांच्या मधोमध शांतपणे उभे राहणे हेच ज्याचे कर्तव्य, असाही सैनिक या जगात आहे. त्याच्या मस्तकावर निळे शिरस्त्राण असते. अशा सशस्त्र शांतिसैनिकांची पहिली तुकडी १९५६ साली इजिप्तच्या भूमीवर उतरली. ही सेना उभी करणारे डाग हॅमरशोल्ड हे पेशाने अर्थशास्त्रज्ञ होते, आणि त्यांचे शस्त्र एकच होते : बोलणी.

डाग यांचा जन्म २९ जुलै १९०५ रोजी स्वीडन देशातील येन्शेपिंग या गावी झाला. चार भावांत ते सर्वांत धाकटे. त्यांचे बालपण उप्साला या विद्यापीठाच्या नगरीत गेले. वडील याल्मार हॅमरशोल्ड हे त्या प्रांताचे गव्हर्नर असल्यामुळे कुटुंबाचा मुक्काम टेकडीवरील जुन्या, भव्य गढीत असे. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा याल्मार हे स्वीडनचे पंतप्रधान होते. त्यांनी आपला देश युद्धापासून अलिप्त ठेवला. परंतु युद्धामुळे समुद्रावरील व्यापार अडला, धान्याची टंचाई झाली आणि लोक चिडले. त्यांनी पंतप्रधानांच्या आडनावाची मोडतोड करून त्यांना भुकेचा अर्थ असलेले टोपणनाव दिले. १९१७ साली याल्मार यांना पद सोडावे लागले. डाग त्या वेळी अकरा वर्षांचे होते. कोणाचीही बाजू न घेणाऱ्या माणसावर सगळ्यांचाच रोष होतो, हे त्या मुलाने आपल्या घरातच पाहिले. हाच अनुभव पुढे त्यांच्याही वाट्याला यावयाचा होता.

विद्यार्थी म्हणून डाग यांची बुद्धी असामान्य होती. साहित्य, कायदा आणि अर्थशास्त्र या विषयांचा त्यांनी अभ्यास केला आणि १९३३ साली अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. तिशी उलटते न उलटते तोच ते स्वीडनच्या अर्थखात्यातील वरिष्ठ अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धाने युरोपातील शहरे, कारखाने आणि लोहमार्ग उद्ध्वस्त झाले होते. ते पुन्हा उभे करण्यासाठी अमेरिकेने मोठे साहाय्य देऊ केले. त्याची वाटणी कशी करावी, यासंबंधी १९४७ सालापासून पॅरिस येथे ज्या वाटाघाटी चालल्या, त्यांत हॅमरशोल्ड यांनी स्वीडनतर्फे भाग घेतला. युद्ध थांबले म्हणजे शांतता आली असे होत नाही. पूल, गिरण्या, पिके आणि चलन ही सारी पुन्हा मार्गी लावावी लागतात, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले.

त्यांनी विवाह केला नाही. ग्रंथ आणि पर्वत हे त्यांचे दोन जिव्हाळ्याचे विषय. सुट्टी मिळाली की ते स्वीडनच्या उत्तरेकडील डोंगरांत पायी हिंडत. पुढे १९५९ साली ते नेपाळास गेले असता त्यांनी विमानातून हिमालयाच्या शिखरांची सुरेख छायाचित्रे घेतली. परभाषेतील कवितेचे स्वीडिश भाषांतर करणे हा तर त्यांचा आवडता विरंगुळा होता.

१९५३ सालच्या ३१ मार्चच्या रात्री त्यांना एका वार्ताहराचा दूरध्वनी आला. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस म्हणून सुरक्षा समितीने त्यांचे नाव सुचविले असल्याचे त्याने सांगितले. उजाडता १ एप्रिल होता. कोणी तरी आपली थट्टा करीत आहे अशीच हॅमरशोल्ड यांची समजूत झाली. पण वार्ता खरी होती. त्यांच्या आधीचे सरचिटणीस नॉर्वेचे त्रिग्वे ली यांना कोरियाच्या युद्धात रशियाचा रोष पत्करावा लागला होता आणि कंटाळून त्यांनी राजीनामा दिला होता. न्यूयॉर्कच्या विमानतळावर नव्या सरचिटणिसांचे स्वागत करताना, पृथ्वीच्या पाठीवरील सर्वांत अशक्य असे काम तुम्ही पत्करीत आहात, अशी जाणीव त्यांनी करून दिली. बड्या राष्ट्रांना वाटले की, हा शांत, अबोल अधिकारी आपले कागदपत्र सांभाळीत बसेल. हा त्यांचा अंदाज लवकरच चुकला.

कोरियाच्या युद्धात चीनने अमेरिकेचे एक विमान पाडले होते. त्यातील अकरा वैमानिकांना १९५४ च्या नोव्हेंबरात हेरगिरीच्या आरोपावरून चीनमध्ये शिक्षा झाली. अमेरिकेत संतापाची लाट उसळली. राष्ट्रसंघाच्या आमसभेने चीनचा निषेध करणारा ठराव केला आणि कैद्यांच्या सुटकेचे काम सरचिटणिसांवर सोपविले. परंतु चीनच्या नव्या सरकारला त्या वेळी राष्ट्रसंघात स्थानच नव्हते. ज्याने आपला निषेध केला त्याच्या दूताला चीनने का म्हणून भेटावे? हॅमरशोल्ड यांनी येथे मोठी कुशलता दाखविली. आपण त्या ठरावाचे दूत म्हणून येत नसून, जगातील तंटे मिटविण्याचा जो अधिकार राष्ट्रसंघाच्या सनदेने सरचिटणिसास दिला आहे त्या नात्याने येत आहोत, अशी भूमिका त्यांनी घेतली. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी त्यांना बोलावणे पाठविले. वाटेत दिल्लीस पंडित नेहरूंची भेट घेऊन ते १९५५ च्या जानेवारीत पेकिंगला पोहोचले.

शिष्टाई म्हटली की आपल्याला श्रीकृष्ण आठवतो. पांडवांसाठी पाच गावे मागावयास गेलेला तो थोर दूतही हस्तिनापुराहून रिकाम्या हातांनी परतला होता. हॅमरशोल्डही पेकिंगहून तसेच परतले. अमेरिकेतील वृत्तपत्रांनी त्यांची टवाळी केली. त्यांनी मात्र चीनविरुद्ध एकही कठोर शब्द उच्चारला नाही. पत्रांच्या आणि मध्यस्थांच्या द्वारा बोलणी चालूच राहिली. मे महिन्यात चीनने दुसऱ्या चार वैमानिकांना सोडून दिले. पुढे जुलैच्या अखेरीस हॅमरशोल्ड यांचा पन्नासावा वाढदिवस आला. त्याच सुमारास त्या अकरा जणांचीही सुटका होत असल्याचा निरोप चीनकडून आला. सरचिटणिसांशी जडलेला स्नेह टिकावा म्हणून आपण हे करीत आहोत, असे चौ एन लाय यांनी कळविले होते.

यानंतरचा प्रसंग अधिक बिकट होता. भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र यांना जोडणारा सुवेझ कालवा इजिप्त देशातून जातो. मुंबईहून विलायतेस जाणारी जहाजे याच मार्गाने जात. कालव्याच्या कंपनीवर ब्रिटिश व फ्रेंच भागधारकांचे वर्चस्व होते. २६ जुलै १९५६ रोजी इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी ती कंपनी राष्ट्राच्या मालकीची केली. ऑक्टोबरच्या अखेरीस प्रथम इस्राएलने इजिप्तवर चाल केली आणि पाठोपाठ ब्रिटन व फ्रान्स यांनी बाँबवर्षाव सुरू केला. हे दोन्ही देश सुरक्षा समितीचे कायमचे सभासद. त्यांनी नकाराधिकार वापरला आणि समितीचे हात बांधले गेले. तेव्हा हा प्रश्न आमसभेपुढे आला.

कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी तेथे एक नवी कल्पना मांडली. युद्ध थांबवून दोन्ही पक्षांच्या मध्ये राष्ट्रसंघाची सेना उभी करावी, असे त्यांनी सुचविले. हॅमरशोल्ड यांना प्रथम ही गोष्ट शक्य कोटीतील वाटली नव्हती. परंतु ४ नोव्हेंबर रोजी आमसभेने अठ्ठेचाळीस तासांत योजना सादर करण्याची आज्ञा केली, तेव्हा ते झटून कामाला लागले. अशा सेनेविषयी राष्ट्रसंघाच्या सनदेत एक अक्षरही नव्हते. सारे नियम नव्याने बसवावे लागले. ज्या देशात सेना जावयाची त्याची संमती असली पाहिजे. पाच बड्या राष्ट्रांचा एकही सैनिक तीत असता कामा नये. तिने कोणाच्याही बाजूने लढू नये आणि स्वसंरक्षणावाचून शस्त्र वापरू नये. आज हे नियम साधे वाटतात. पण रात्रीचा दिवस करून, एकेका राष्ट्राच्या प्रतिनिधीशी मसलत करून ते त्या वेळी ठरवावे लागले.

अडचणींना अंत नव्हता. कॅनडाने आपली जी पलटण देऊ केली तिच्या नावात राणीचा उल्लेख होता आणि सैनिकांचा पोशाख ब्रिटिशांसारखाच होता. ज्या गणवेशातील शिपायांनी कालपरवा आपल्यावर हल्ला केला, तोच गणवेश पुन्हा पाहून इजिप्तची प्रजा भडकेल, अशी शंका नासर यांनी घेतली. हॅमरशोल्ड कैरोला गेले. तासन्‌तास बोलणी झाली. शेवटी कॅनडाने लढाऊ पलटणीऐवजी वाहतूक, दळणवळण व व्यवस्था पाहणारी पथके पाठवावीत असे ठरले आणि दोघांचाही मान राहिला. दुसरी अडचण सैनिक ओळखावे कसे, ही होती. निळ्या टोप्या शिवून घेण्यास अनेक आठवडे लागले असते. तेव्हा युरोपातील अमेरिकन कोठारांत पडून असलेली हलकी शिरस्त्राणे आणून ती निळ्या रंगाने फवारण्यात आली. शांतिसेनेचे जगप्रसिद्ध चिन्ह असे घाईगर्दीत जन्मास आले.

१५ नोव्हेंबर रोजी पहिले सैनिक इजिप्तमध्ये उतरले. दहा देशांनी सैन्य दिले आणि त्यांत भारताची पलटणही होती. डिसेंबरात ब्रिटिश व फ्रेंच फौजा परतल्या. मार्चपर्यंत इस्राएलचे सैन्यही मागे गेले. युद्धाच्या वेळी इजिप्तने कालव्यात जहाजे बुडवून तो बंद केला होता. आता राष्ट्रसंघाने अमेरिकन सेनानी व्हीलर यांच्या देखरेखीखाली ती बुडालेली जहाजे वर काढण्याचे काम हाती घेतले आणि १९५७ च्या एप्रिलमध्ये कालवा वाहतुकीस खुला झाला. खर्चासाठी अनेक देशांनी कर्जाऊ पैसा दिला. तो पुढे जहाजांच्या जकातीवर शेकडा तीन अधिभार घेऊन फेडण्यात आला. शांतिसेना मात्र दहा वर्षे तेथे पहारा देत राहिली. १९६७ साली इजिप्तनेच तिला निघून जाण्यास सांगितले आणि काही दिवसांतच पुन्हा युद्ध पेटले. संमतीवर उभी राहिलेली सेना संमती सरताच दुबळी होते, हा या योजनेतील उणेपणा होता.

हॅमरशोल्ड यांची खरी कसोटी लागली ती आफ्रिकेत. काँगो हा देश महाराष्ट्राच्या साडेसात पट मोठा. तांबे, कोबाल्ट, युरेनियम अशी खनिजे त्याच्या पोटात भरलेली. बेल्जियमने तेथे दीर्घकाळ राज्य केले. परंतु प्रजेला उच्च शिक्षण दिले नाही. ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला, तेव्हा साऱ्या देशात पदवीधर काँगोली विसांहून कमी होते. डॉक्टर एकही नव्हता. सैन्यात एकही काँगोली अधिकारी नव्हता. पाचच दिवसांत सैन्याने बंड केले. बेल्जियन नागरिक जीव घेऊन पळाले आणि त्यांच्या रक्षणाचे निमित्त करून बेल्जियमने पुन्हा आपले सैन्य घुसविले. ११ जुलै रोजी खनिजांनी समृद्ध असलेला कटांगा प्रांत चोंबे या पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली फुटून निघाला. अध्यक्ष कासावुबू आणि पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांनी राष्ट्रसंघाकडे धाव घेतली.

हॅमरशोल्ड यांनी सुरक्षा समितीची तातडीची बैठक बोलाविली. ती रात्रभर चालली. १४ जुलै रोजी ठराव झाला आणि दुसऱ्याच दिवशी शांतिसैनिक काँगोत उतरू लागले. महिन्याभरात त्यांची संख्या चौदा हजारांवर गेली. पण नुसत्या सैनिकांनी देश कसा चालणार? परकी तज्ज्ञ निघून गेले होते. विमानतळावर विमानांना मार्ग दाखविणारे कोणी नव्हते, रुग्णालये ओस पडली होती, नदीतील गाळ न काढल्यामुळे बंदराकडे जाणारा जलमार्ग बुजत चालला होता. राष्ट्रसंघाने डॉक्टर, शिक्षक, अभियंते, तारायंत्रज्ञ असे शेकडो लोक जमविले. कासाई भागात निर्वासितांवर दुष्काळ कोसळला तेव्हा विमानांतून धान्य नेले. आणि काँगोतील साठएक अनुभवी वैद्यकीय साहाय्यकांना निवडून डॉक्टर होण्यासाठी फ्रान्समध्ये शिकावयास पाठविले. माझ्या मते, या प्रचंड उद्योगातील सर्वांत दूरदर्शी गोष्ट हीच होय.

सैन्य देणाऱ्या देशांच्या प्रतिनिधींची एक सल्लागार समिती हॅमरशोल्ड यांनी नेमली होती. तिच्या बैठका बंद दाराआड होत. तेथे मतदान नसे. प्रत्येकाचे म्हणणे ते शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी सर्वांना मानवेल असा निष्कर्ष काढीत. भारताचे त्यात मानाचे स्थान होते. राजेश्वर दयाळ हे काही काळ काँगोत त्यांचे खास प्रतिनिधी होते, तर भारतीय सेनाधिकारी इंदरजित रिखये हे त्यांचे लष्करी सल्लागार होते.

इतके असूनही गोष्टी हाताबाहेर गेल्या. लुमुंबांना वाटत होते की, शांतिसेनेने कटांग्यावर चाल करून तो जिंकून द्यावा. आपली सेना अंतर्गत झगड्यात एका पक्षाची होऊ शकत नाही, असे हॅमरशोल्ड यांचे उत्तर होते. दोघांचे बिनसले. सप्टेंबरात अध्यक्षांनी लुमुंबांना पदावरून दूर केले आणि सेनाधिकारी मोबुटू यांनी सत्ता बळकावली. लुमुंबांच्या घराभोवती राष्ट्रसंघाचा पहारा होता. तेथून ते निसटले, शत्रूच्या हाती सापडले आणि १७ जानेवारी १९६१ रोजी कटांग्यात त्यांची हत्या झाली. साऱ्या आशिया-आफ्रिकेत हळहळ आणि संताप व्यक्त झाला. राष्ट्रसंघाने त्यांना वाचवावयास हवे होते, असे अनेकांनी म्हटले. काही देशांनी आपल्या पलटणी परत बोलाविल्या. हा दोष इतिहासाने हॅमरशोल्ड यांच्या पदरी घातला आहे आणि तो अजून पुसला गेलेला नाही.

तत्पूर्वीच, १९६० च्या शरद ऋतूत, रशियाचे पंतप्रधान क्रुश्चेव्ह यांनी आमसभेत त्यांच्यावर कडाडून हल्ला चढविला होता. हॅमरशोल्ड यांनी राजीनामा द्यावा आणि एकाच्या जागी तीन सरचिटणीस नेमावेत, अशी त्यांची मागणी होती. ३ ऑक्टोबर रोजी हॅमरशोल्ड उत्तर देण्यास उठले. राजीनामा देणे सोपे आहे, टिकून राहणे कठीण आहे, असे त्यांनी सांगितले. राष्ट्रसंघाची गरज बड्या राष्ट्रांपेक्षा लहान राष्ट्रांना अधिक आहे आणि ती राष्ट्रे म्हणतील तोवर आपण जागा सोडणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. बहुसंख्य प्रतिनिधींनी उभे राहून प्रचंड टाळ्यांचा गजर केला. पश्चिमेकडील राष्ट्रेही त्यांच्यावर प्रसन्न होती असे नाही. कटांग्यातील खाणींत त्यांचा पैसा गुंतला होता. वडिलांच्या घरी पाहिलेला तो जुना अनुभव आता पुरता खरा ठरला होता.

१९६१ च्या फेब्रुवारीत सुरक्षा समितीने यादवी युद्ध टाळण्यासाठी अगदी शेवटचा उपाय म्हणून बळाचा वापर करण्यास मुभा दिली. सैन्याची चणचण असताना भारताने सुमारे पाच हजार सैनिकांची ब्रिगेड पाठविली. ऑगस्टमध्ये राष्ट्रसंघाच्या संरक्षणाखाली काँगोची संसद भरली आणि आदुला यांचे नवे सरकार आले. आता फक्त कटांग्याचा काटा उरला होता. चोंबे यांनी परदेशी भाडोत्री शिपाई बाळगले होते. १३ सप्टेंबर रोजी त्या शिपायांवरून शांतिसेना आणि कटांग्याचे सैन्य यांत लढाई जुंपली. हॅमरशोल्ड नेमके त्याच दिवशी काँगोच्या राजधानीत उतरले. ज्या सेनेने गोळी झाडू नये म्हणून त्यांनी आयुष्य वेचले, तीच सेना गोळ्या झाडीत होती. त्यांनी ठरविले की, आपण स्वतः जाऊन चोंबे यांना भेटावे. भेटीसाठी शेजारच्या उत्तर ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झांबियातील, एन्डोला हे गाव ठरले.

१७ सप्टेंबर रोजी दुपार कलल्यावर त्यांचे विमान निघाले. कटांग्याच्या लढाऊ विमानाचे भय होते. म्हणून वैमानिकांनी लांबचा वळसा घेतला आणि बिनतारी संदेशही टाळले. मध्यरात्रीच्या सुमारास एन्डोलाचे दिवे दिसत असल्याचे त्यांनी कळविले. त्यानंतर काहीच ऐकू आले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी विमानतळापासून काही मैलांवर अरण्यात विमानाचे जळालेले अवशेष सापडले. विमानातील सोळा जणांपैकी कोणीही वाचले नाही. एक जण जिवंत सापडला होता, तोही काही दिवसांनी मरण पावला. हा अपघात होता की घातपात, याचा उलगडा तेव्हाच्या चौकशीत झाला नाही. २०१५ सालापासून राष्ट्रसंघाने त्याचा नव्याने शोध सुरू केला.

ज्या शस्त्रसंधीसाठी ते निघाले होते, ती २० सप्टेंबर रोजी त्यांच्या सहकाऱ्याने एन्डोला येथेच चोंबे यांच्याशी बोलून घडवून आणली. उप्साला येथे घराण्याच्या दफनभूमीत हॅमरशोल्ड यांचा देह ठेवण्यात आला. त्या वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मरणोत्तर देण्यात आले. कटांग्यात शस्त्रसंधी फार दिवस टिकली नाही. डिसेंबरात पुन्हा लढाई झाली आणि तीत भारताचे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. १९६३ च्या जानेवारीत कटांगा काँगोत परत सामील झाला आणि ३० जून १९६४ रोजी शेवटचे शांतिसैनिक मायदेशी गेले. काँगोचे हाल तेथे संपले नाहीत. १९९९ साली निळी शिरस्त्राणे पुन्हा त्या भूमीवर गेली. परंतु फ्रान्समध्ये शिकावयास गेलेले ते वैद्यकीय साहाय्यक दरम्यान शिक्षण पुरे करून परतले होते. ज्या देशात स्वातंत्र्याच्या दिवशी एकही डॉक्टर नव्हता, त्याच्या रुग्णालयांत आता त्याच्याच मातीतील डॉक्टर काम करू लागले होते.